मी रामेन सोडलं तेव्हा

नवरा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना काय बोलावं ते सुचत नाही. मग कोणीतरी विचारतं, "जेवायला काय आवडायचं गं त्याला?" मी "बांगड्याचं तिखलं" असं सांगून मोकळी व्हायचे. लोक समाधानाने माना हलवायचे. खरं सांगितलं असतं तर तोंडाकडे बघत बसले असते. डिलाईल रोडच्या चाळीत जन्मलेल्या, माशाच्या तुकडीवरून आईशी भांडत वाढलेल्या माझ्या मालवणी नवऱ्याचा जीव रामेनवर, म्हणजे जपान्यांच्या रस्सेदार नूडल्सवर होता.

सुरुवात झाली ती दुकानातल्या साध्या पाकिटापासून. लग्नानंतर आम्ही त्याच चाळीतल्या एका खोलीत सासूबाईंबरोबर राहायला लागलो. एका खोलीत नव्या नवरा-बायकोने बोलायचं तरी काय? रविवारी दुपारी सासूबाई भजनाला जायच्या, तेवढा वेळ आमचा. त्या वेळात आम्ही नूडल्स करायचो. माझ्या माहेरी नूडल्स म्हणजे पाणी पार आटवून, कोरड्या करून, वर बारीक शेव टाकून खायच्या. ह्याला पातेलंभर पाणी लागायचं. "ही काय आजाऱ्याची पेज?" असं मी म्हटलं की तो हसायचा आणि वाटी माझ्या तोंडाला लावायचा. "पी तर खरी. भुरका मार." तो स्वतः असा भुरका मारायचा की शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "काय रे, कढी केली काय?"

सासूबाईंना ते प्रकरण अजिबात पसंत नव्हतं. "काय ती गांडुळां खातास!" असं म्हणून त्या तोंड फिरवायच्या.

मीही त्यांना आधी पसंत नव्हते, तेही सांगून टाकते. माझं माहेर घोडपदेवचं, बौद्ध. आमच्या घरी देव नाहीत, उपास नाहीत आणि नवस तर नाहीतच. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली, की कोणापुढे हात पसरायचा नाही, माणसापुढे नाही आणि दगडापुढेही नाही. सासूबाईंच्या भिंतीवर गावच्या देवाची तसबीर, आणि तिच्याशी त्या दिवसभर बोलणार, वेळप्रसंगी भांडणार. पहिली दोन वर्षं त्या तसबिरीशी जास्त आणि माझ्याशी कमी बोलल्या. मग हळूहळू सवय झाली. मला त्यांची, त्यांना माझी.

पुढे कोरियन पाकिटं आली, डोळ्यांतून पाणी काढणारी. ती आम्ही पैज लावून खायचो. आणि मग लोअर परळला, आमच्या घरून चालत जाता येईल इतक्या जवळ, खास रामेनचं हॉटेल निघालं. पहिल्यांदा गेलो तेव्हा परातीएवढा बाऊल समोर आला. वर अर्धकच्चं अंडं, मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, आणि खाली तो दाट, पांढुरका रस्सा. काड्यांनी अंडं धरताना माझं अंडं दोनदा डुबकी मारून आलं. ह्याने नूडल्स संपवल्या आणि वेटरला बोलावून सांगितलं, "भाऊ, जरा भात आण." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे, इथे असं कोणी मागत नाही!" मी दबक्या आवाजात ओरडले. "एवढा रस्सा टाकून कोण उठतं?" तो म्हणाला. भात आला. त्याने तो रश्श्यात कालवला आणि बोटं चाटत खाल्ला. त्यानंतर कुठलाही वाढदिवस असो, पगारवाढ असो, की आमचं भांडण मिटलेलं असो, आम्ही तिथेच गेलो. तिथले लोक भात न मागता आणून ठेवायला लागले.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली.

त्या वर्षाबद्दल मला फार लिहायचं नाही. इंजेक्शनांनी त्याच्या तोंडाची चव गेली. भात मातीसारखा लागतो म्हणायचा, माशाचा वास आला की खोलीबाहेर जायचा. डॉक्टर सांगत होते की वजन टिकलं तर उपचार पुढे नेता येतील. घशाखाली उतरायचं ते एकच, गरम, पातळ, भरपूर पाण्यातल्या नूडल्स. मी हाडांचा रस्सा काढायचे, त्यात उकडायचे. तो दोन घास खायचा आणि म्हणायचा, "तू पण घे ना. एकट्याने काय मजा?" मग मी घ्यायचे, आणि तो आणखी दोन घास खायचा.

असं चाललेलं असताना एके दिवशी सासूबाईंनी मला मोरीपाशी गाठलं. "मी चाय सोडलंय," त्या म्हणाल्या. त्यांच्यासारख्या बाईने चहा सोडणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. "तूय आवडीचा कायतरी सोड. घोव बरो होयसर खावचंय नाय म्हणान देवाक सांग. आणि कोणाक सांगू नको, त्येकाय नको."

आमच्याकडे असलं काही नसतं, असं मी म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला त्यांच्या देवापुढे कधी उभं केलं नव्हतं, आणि आता त्यांच्या झिलासाठी, पोटच्या मुलासाठी, माझा शब्द त्यांना लागत होता. आणि मी घाबरले होते. घाबरलेलं माणूस कुठलंही दार वाजवतं. मी तसबिरीपुढे उभी राहिले आणि मनात म्हटलं, हा बरा होईपर्यंत नूडल्सचा एक घास तोंडात घालणार नाही. त्याहून आवडीचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो "घे ना" म्हणाला की मी सांगायचे, पित्त झालंय. मग, पोट भरलंय. मग, आज सोमवार. "तू कधीपासून सोमवार करायला लागलीस?" असं विचारून तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाटी विसळायला उठले.

पुढे एका तपासणीला डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बराच वेळ बोलले. मला आत बोलावलं तेव्हा म्हणाले, "आता पथ्य नाही. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या, जिथे जावंसं वाटेल तिथे न्या." मला इतका आनंद झाला! पथ्य सुटलं म्हणजे माणूस सुधारला, असंच मी धरून चालले. दहावीला पहिल्या वर्गात पास झालेली, बँकेत नोकरी करणारी बाई मी, पण त्या वाक्याचा दुसरा काही अर्थ असेल हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. घरी येऊन मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, "आई, देव ऐकतोय." त्या तांदूळ निवडत राहिल्या.

त्याच आठवड्यात तो म्हणाला, "चल, रामेन खायला." टॅक्सीने गेलो, कारण तेवढं चालणं त्याला झेपत नव्हतं. त्याने दोन बाऊल मागवले. मी म्हटलं, एकच पुरे, मला नको. तरी त्याने दोन मागवले. त्याने दोन भुरके मारले, खोकला आला, चमचा ठेवला आणि माझा बाऊल माझ्याकडे सरकवला.

"एक घास खा."

"खरंच नको रे. पित्त वाढलंय."

"एकच. माझ्यासाठी."

मी मान हलवली. मनात हिशोब सुरू होता की पथ्य सुटलंय, आता थोडेच दिवस, आत्ता मोडलं तर सगळं पाण्यात जाईल. त्याने काड्यांत नूडल्स धरून माझ्या तोंडापुढे आणल्या. काड्यांतून रस्सा टेबलावर ठिबकत होता. मी तोंड बाजूला केलं. तो चिडला नाही. काड्या खाली ठेवून म्हणाला, "फार हट्टी आहेस तू." मग आम्ही दोन्ही बाऊल तसेच टाकून निघालो. त्या दिवशी आणलेल्या भाताला त्याने हातसुद्धा लावला नाही.

पावसाळा सरता सरता तो गेला.

बाराव्याच्या सकाळी सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्याने चहा मागितला आणि तसबिरीकडे बघत कपभर प्यायल्या. मी रडले नाही. लोकांना वाटलं, पोरगी खंबीर आहे. कसली खंबीर! मी नूडल्स खात नव्हते, इतकंच. बरा होईपर्यंत खाणार नाही म्हटलं होतं, आणि खात नव्हते म्हणजे माझ्या लेखी ते बोलणं अजून चालू होतं. हे वेड्यासारखं आहे हे मला कळत होतं. तरी ऑफिसात कोणी पाकीट फोडलं की मी उठून बाहेर जायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी कामावरून आले तर सासूबाई शेगडीपाशी होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नूडल्स केल्या होत्या. पातेलंभर पाणी, शेवया पार गळून गेलेल्या. त्यांनी वाटी माझ्यापुढे ठेवली.

"खा गो."

"आई, मी सोडलंय. तुम्हीच तर सांगितलंत."

"देवान आपला काम केल्यान नाय, तर आपण कित्याक पाळूचा?" त्या म्हणाल्या. मग माझ्यासमोर बसल्या. "त्येका ठाऊक होता. मीयाच सांगितलंय. तू खाय नाय म्हणान तो सारखो इचारी होतो, माका रवाक नाय. तेव्हा माका म्हणालो, आये, मी काय बरो होणारो नाय. ह्या बाईन शब्द दिल्यान तर ती जन्मभर पाळतली. माझ्या डोळ्यांदेखत एक घास खाल्ल्यान तर सुटात. म्हणान हॉटेलात घेवन गेलो तुका."

मला हॉटेलातलं ते टेबल दिसलं. त्याच्या काड्यांतून ठिबकणारा रस्सा, तोंडापुढे धरलेल्या नूडल्स, आणि बाजूला केलेलं माझं तोंड. त्याला सगळं माहीत होतं. तो बरा व्हावा म्हणून मी खात नव्हते, आणि बरा होणार नाही म्हणून तो मला भरवत होता.

सासूबाईंनी चमचा उचलला आणि लहान मुलाला भरवावं तसा माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड उघडलं. त्यात मीठ नव्हतं. मसाल्याची पुडी टाकायची असते हे त्यांना माहीतच नव्हतं. मी तो घास गिळला, आणि माझ्या पोटातून असा हंबरडा फुटला की माझा मलाच तो ओळखू येईना.

गॅलरीत दारं उघडल्याचे आवाज झाले. शेजारच्या काकू धावत आल्या, हाताला पीठ तसंच होतं. "काय झालं? अगो, काय झालं काय?"

सासूबाईंनी माझं डोकं पोटाशी धरलं होतं. त्यांनी वर बघून सांगितलं, "आमचो झील गेलो."