काशाची वाटी आणि लातूरचे सर

निलंग्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. तरी स्वतःच्या मुलीला मी लातूरच्या क्लासला घातलं, कारण सगळेच घालतात. रविवारी ती एसटीनं घरी यायची आणि बॅग खाली ठेवायच्या आधी सुरू व्हायची, "आमचे सर..."

एकदा सरांनी वर्गात तिबेटी वाडगा आणला. काठावरून लाकडी दांडी फिरवली की तो गातो, आत पाणी असेल तर थेंब उडतात. "लई भारी दिसतं, पप्पा!"

"अनुनाद," मी म्हणालो. "त्यात काय एवढं?"

"तेवढंच न्हाई. दांडी काठाला धरती, सुटती, परत धरती. मग काठ लंबगोल होऊन हलतो. अन् काठ दोनदा हलला की पाण्यावरची लाट एकदाच हलती. सरांनी सांगितलं."

हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आकाश निळं का, इथपासून पोरीनं सगळं मला विचारलेलं. आता कुठला कोण माणूस तिच्या तोंडून मलाच शिकवायला लागला होता!

पुढच्या रविवारच्या आत मला तो आवाज काढायचाच होता. वाडगा विकत आणला तर ती सरांची नक्कल झाली असती. घरात आईची काशाची वाटी होती, उन्हाळ्यात तळपायाला तेल लावून घासायची. रोज कॉलेजातून आलो की ती वाटी आणि लाटणं घेऊन बसायचो. वाटी मुकीच.

"पोळ्या राहिल्यात," बायको म्हणायची, "लाटणं द्या इकडं."

चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांचं तेल बसलेला काठ लाकडाला धरणार कसा? घर्षणाचा धडा शिकवतो मीच, कपाळ माझं! लिंबू-राखेनं वाटी घासली, लाटणं गरम पाण्यानं धुतलं, सावकाश फिरवलं. वाटी बारीक आवाजात बोलली.

रविवारी वाटीत पाणी घातलं, मुलीला समोर बसवलं आणि लाटणं फिरवलं. काठाशी पाणी थरथरलं, एक थेंब तिच्या चष्म्यावर उडाला. "आई गं! पप्पा, थांबू नका!" मी असा फुगलो म्हणून सांगू! तिनं घाईनं मोबाइल काढला.

"फिरवत राहा, सरांना पाठवते."

वाटी खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटली. पण मी फिरवत राहिलो, उलट जरा ताठ बसलो. आणि ती पाचच्या गाडीला निघेपर्यंत तीनदा विचारलं, "पाहिलं का त्यांनी?"