पाचवा पांडव

तलमडुगुच्या आमच्या शेतात नाल्याकाठी दगड झालेले शिंपले निघतात. त्यांच्यावर मी सहा वर्षं प्रबंध लिहून राह्यले. घरच्यांचं म्हणणं एकच, "मास्तरीण शिकवायचं सोडून दगडं येचते."

घोडं अडलं होतं दातांवर. शिंपल्याच्या दोन झडपा जिथं जुळतात, तिथं बिजागरीला आतून दात असतात. त्या दातांवर आडव्या रेघा असतील तर प्रजाती नामशेष झालेली. नसतील तर बासरला गोदावरीत आजही मिळतो तोच शिंपला. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "रेघा दाखवा, नाहीतर प्रबंधात उरलं काय?" दात शाबूत असलेली एकच झडप होती माझ्याकडं. भिंगातून पाहून पाहून डोळे फुटायची पाळी आली, पण रेघ काही दिसेना. सोमवारी ती सरांपुढं ठेवायची होती.

आदल्या दिवशी येळवस, वेळा अमावास्येचा सण. आईच्या माहेरची रीत, शेतात कडब्याची कोप, लहानसं खोपटं, करायची अन् आत पाच दगडांना चुना फासून पांडव मांडायचे. मी झडप कोपीजवळ रुमालावर ठेवली अन् अजून एखादी मिळते का म्हणून नाल्यात उतरले. रिकाम्या हातानं परत येते तर काय! चार पांडव दगडाचे अन् पाचवा माझी झडप. आतून-बाहेरून चुना, वर कुंकू.

"आई! शेतभर दगडं पडले, माझाच काऊन घेतला?"

"तोच तेवढा गुळगुळीत होता."

"उचल तो आधी!"

"निवद होऊ दे. बसवलेला देव असा उचलतेत का?"

डोकंच फिरलं माझं. निवद, आरती, जेवणं होईतो चुना वाळून खडखडीत. व्हिनेगरनं निघाला असता, पण शिंपलाही मुळात चुन्याचाच, तोही विरघळला असता. घरी येऊन ओल्या फडक्यानं पुसत बसले, तोंडाचा पट्टा चालूच.

आई चष्मा लावून जवळ आली. "दे इकडं, रागारागात फोडशील." हळूहळू पुसलं तिनं. मग म्हणाली, "ह्या रेघा कायच्या वं?"

दातांवर आडव्या, बारीक, एकीला लागून एक. खाचांत चुना अडकून पांढऱ्या उमटल्या होत्या. मला रडू फुटलं.

"चुना लावला म्हून दिसलं," आई म्हणाली. परत राग आला.

सोमवारी सरांनी भिंगातून पाहिलं. "नामशेषच," म्हणाले. "पण खाचांत चुना भरायची युक्ती कोणाची?"

"आईची," मी म्हणाले. लई जिवावर आलं सांगायला.