भरलेली नाव

झैनुरी योग्याकार्ताच्या विद्यापीठात कुराण शिकवायचा. आयत पहिल्यांदा कुणी ऐकली, कोणत्या वादात, शब्दाचा तेव्हाचा अर्थ काय, हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारे जावात थोडेच. आणि एवढ्या शहाण्या माणसाने ती अक्कल पाजळली कुणापुढे, तर आपल्या आईपुढे!

आई रुमिसी. गावात सगळे तिला एमाक, म्हणजे आई, म्हणत. रेम्बांगच्या बाजारात ती सुकी मासळी विकायची. तिची पहिली मुलगी मर्कामा आठ महिन्यांची होऊन तापाने गेली, तेव्हा मदरशाच्या म्हाताऱ्या कियाईंनी, म्हणजे मौलवींनी, कुराणाच्या यासीन सूरेतली नावेची आयत वाचून तिला सांगितलं होतं, "लेकरं अल्लाने त्या भरलेल्या नावेत घेतलीत. तुझीही त्यातच आहे." तेव्हापासून ती आयत आली की एमाक रडायची आणि रडून झालं की तिला बरं वाटायचं.

पदवी घेऊन आलेल्या झैनुरीने एका दुपारी तिला समजावलं, "एमाक, ती प्रलयातली नूहची नाव. मक्केतल्या न मानणाऱ्यांना दिलेला दाखला आहे तो. मेलेल्या बाळांचा तिथं काही संबंध नाही."

"असं होय," एमाक म्हणाली आणि उन्हातले मासे उलटायला गेली. त्याला वाटलं, आईला पटलं. त्यानंतर तिने त्याला यासीन वाचायला कधीच सांगितलं नाही, हे मात्र त्याच्या लक्षातही आलं नाही.

आता एमाकचे शेवटचे दिवस होते, आणि उशाशी वाचायला तिने मशिदीतल्या म्हाताऱ्या दुल्कमीदना बोलावलं होतं. मुलगा दाराशी उभा. त्याच्या फार जिव्हारी लागलं ते.

"एमाक, मी वाचू?"

तिने दुल्कमीदकडे पाहिलं. दुल्कमीदच म्हणाले, "वाचू दे की गं रुमिसी. माझे उच्चार ऐकून फरिश्ते कानांत बोटं घालत असतील."

तिने मान हलवली. झैनुरी वाचू लागला, आणि नावेच्या आयतीपाशी थांबला. एमाकने डोळे उघडले.

"थांबलास का? मर्कामा आहे का रे त्या नावेत?"

"आहे, एमाक."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही, पोरा," ती म्हणाली. "वाच पुढं."

त्याने पुढची आयत वाचली. एमाकने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. नावेच्या आयतीला ती आज रडली नव्हती.