काळी चार

दुष्काळाच्या साली आमच्या नेवाशाकडच्या गावात एक पाहुणा आला. बहिणीच्या सासरी भावानं मुक्काम ठोकून बसायचं, हेच मला आधी खटकलं. त्यात गावभर बोभाटा, की मुंबईच्या त्या गिटारवाल्या बँडात गाणारा तो हाच! त्या बँडची तबकडी आमच्याकडं प्रत्येक लग्नात कर्ण्यावर वाजायची. आवाज असा चढायचा, की जेवणारे हातातला घास तसाच धरून ऐकायचे.

माझा काही विश्वास बसेना. भजनी मंडळात पेटी वाजवायचो मी, मला काय दूधखुळा समजला? हा गडी ऐन उन्हाळ्यात मफलर गुंडाळायचा, गरम पाणी प्यायचा. बँड का सोडला विचारलं, की "झालं तेवढं पुरे" म्हणून विषय बदलायचा. भजनाला बसला, की मला म्हणायचा, "मास्तर, काळी एक धरा." काळी एक ही पेटीवरची खालची पट्टी. तबकडीतला गडी काळी चारला गायचा. तिथं भल्याभल्यांची भंबेरी उडते. मी स्वतः पेटीवर ताडून बघितलं होतं. म्हणजे हा तोतया! पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलेला. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? एकदा मला म्हणाला, "मास्तर, एवढं भजन राहिलं तरी पुष्कळ झालं मला." म्हटलं, वा रे साळसूद! थांब, तुझं पितळच उघडं पाडतो.

सप्ताहाचा शेवट, काल्याची सकाळ. देवळापुढं सगळं गाव बसलं होतं. त्याची पाळी आली तशी त्यानं नेहमीसारखी पट्टी सांगितली. मी मान डोलावली अन् काळी चार दाबली.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. टाळ तर सुरू झाले होते. त्यानं डोळे मिटले अन् आवाज लावला.

अरे देवा! तोच आवाज, तसूभर फरक नाही. मला पट्टी उतरवता आली असती, पण नाही उतरवली. ऐकायचा मोहच सुटेना. शेवटच्या चरणाला त्यानं सूर वर नेला आणि जुनं धोतर टरकावं तसा आवाज फाटला. पुढं नुसती हवा.

लोकांना वाटलं ठसका लागला. कुणी तांब्या पुढं केला. त्याची बहीण मात्र बायकांतून तरातरा उठून माझ्यावर धावली, "काय केलं वो मास्तर तुमी! वर चढवलं तर हाय तेबी जाईल म्हनून डाक्टरनं सांगितलं हुतं त्याला!"

मी हात जोडले. "पाव्हणं, चुकलो. पण एका शब्दानं सांगायचं तरी..."

तो माझ्या कानाशी वाकला. आवाज नव्हताच, नुसता श्वास लागत होता.

"तबकडीतला तो मीच, मास्तर. झाली खात्री?"