पाच की सात

ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, महिनाभर एकच दळण: होम थिएटरला पाच स्पीकर चालवणारा स्वस्त रिसीव्हर घ्यावा, की सात चालवणारा महाग? दुकानदार कंटाळला. मी तर त्यांना टाळायलाच लागलो. शेवटी त्यांनी पोटाला चिमटा काढून सातवाला आणला. सगळ्या वायरी मीच जोडल्या.

भाऊजींनी आवाज जरासा वाढवला, तोच पलीकडच्या खोलीतून अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या आई कण्हल्या. ताईने नुसतं दाराकडे पाहिलं. भाऊजींनी आवाज बंद केला आणि हेडफोन शोधून रिसीव्हरला लावला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "माहितीये मला. हेडफोनची सोय स्वस्तातल्यालाही होती."