गंगाबाईंची विहीर आणि माझी चित्रकला

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगत होतो, तर आमच्या साडूंनी शर्टावर चहा सांडला. अहो, माणसानं रिटायर झाल्यावर गुमान नातवंडं सांभाळावीत. पण मला हुक्की आली चित्रकलेची!

तुम्हाला ठाऊकच आहे, बत्तीस वर्षं मी मोजणी खात्यात होतो. जिल्ह्यातला एक बांध तुडवायचा ठेवला नाही. लोक मला अजून 'मोजणीवाले साहेब' म्हणतात, आणि ते मला डाचतं. मरायच्या आधी एकदा तरी कुणी 'चित्रकार' म्हणावं, एवढीच इच्छा. मग काय! रंग आणले, ब्रश आणले, कागद लावायला तीन पायांचं लाकडी स्टँड आणलं आणि एका सकाळी अणदूरच्या अलीकडं एका बांधावर जाऊन उभा राहिलो.

आता बघा हं. तीन पायांचं स्टँड. त्यावर फळी, फळीवर कागद. डोक्यावर जुनी मोजणीची टोपी. आणि मी एक डोळा मिटून, ब्रश समोर धरून चिंचेच्या झाडाची उंची बघतोय. तुम्ही असता तर काय समजला असतात?

पण मला कुठं सुचायला!

शेजारच्या रानातून मलकाप्पा आला. जुना ओळखीचा.

"साहेब, नोकरी संपली म्हणलं हुतं की तुमची?"

"संपली. आता हे सुरू केलंय."

"कशाचं चाललंय मग?"

मी आपलं कलावंतासारखं हसून म्हणालो, "एवढ्यात काय सांगू? आधी कागदावर तर उतरू द्या."

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. मला वाटलं, गडी भारावला.

अर्ध्या तासात पंधरावीस माणसं जमली! कुणी खुर्ची आणली, कुणी डोक्यावर छत्री धरली. ज्वारीची भाकरी आली, शेंगाची चटणी आली, वर दही. मी मनात म्हणालो, कोण म्हणतं आपल्याकडं कलेची कदर नाही?

मलकाप्पा कानाशी लागला. "साहेब, आमच्या मुरमाड तुकड्याकडनं घ्या की. तिथं तसं बी काय पिकत न्हाय."

"नको. तिकडं उजेड चांगला नाही," मी ऐटीत सांगितलं.

तेवढ्यात शेताच्या मालकीणबाई गंगाबाई धापा टाकत आल्या. साठी उलटलेल्या. त्यांनी हातच जोडले.

"साहेब, नवा रोड कुठनं बी न्या, पण माझी हीर सोडा! दोन उन्हाळं खांदली. यंदा कुठं पाणी लागलंय वो."

बाईंचे डोळे भरले होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे ती भाकरी कलेला नव्हती, रस्त्याला होती!

"अहो आक्का, रोडबीड काही नाही. मी चित्र काढतोय, चित्र! हे बघा." आणि मी मोठ्या दिमाखात कागद सगळ्यांपुढं धरला.

सगळे वाकले.

"ही निळी म्हंजे पाइपलाइन का?"

"ते डोंगर आहेत."

"आन् हे काळं? टोलनाका?"

"अहो, ती चिंच आहे!"

गंगाबाई कागदाला नाक लावून बघत होत्या. "आन् माझी हीर कुठंय?"

इथं मी माती खाल्ली. त्या विहिरीवर गंजका पत्रा, कळकट मोटर. चित्रात काही शोभेना, म्हणून मी ती घेतलीच नव्हती. तर तसंच सांगून मोकळा झालो, "आक्का, ती चांगली दिसत नव्हती, म्हणून काढून टाकली."

बाई मटकन खालीच बसल्या. "साहेबांनी माझी हीर बुजिवली वो!"

मग जो गलका उठला म्हणता! मलकाप्पानं वाट अडवली. "चित्र हाय म्हणता न्हवं? मग काढा की हीर!"

मी एक निळा गोल काढला.

"आसं न्हाय, चिंचंच्या उगवतीला घ्या," गंगाबाई म्हणाल्या. घेतला. मग मोटर काढली, पत्रा काढला. मग मलकाप्पाचा गोठा, कुणाचं बोअर, कुणाच्या चार शेळ्या. बिचाऱ्या डोंगराला जागाच उरली नाही. शेवटी सगळे म्हणाले, आता खाली सही करा.

सही काय, चित्रकारही करतोच. केली. रंग वाळायच्या आत गंगाबाईंनी कागद उचलला.

"आक्का, चित्र भिंतीवर लावायचं असतं."

"येवढा म्हत्त्वाचा कागद भिंतीवर कोन लावतंय? सातबाऱ्यासंगं पेटीत ठिवते." बाई हसत हसत घराकडं निघाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला, हे बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण येताना गाडीवर एकच विचार डोक्यात. बत्तीस वर्षं साखळी ओढून, उन्हात करपून मी इंचाइंचाचे खरे नकाशे काढले, आणि त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी हरकत घेतलीच. हा एकच कागद मी निव्वळ अंदाजानं रंगवला, आणि त्यावर अख्खं गाव एकमतानं राजी झालं!