साबिरबेकचा हुकूम

केर्मे-बेल खिंडीतल्या रस्त्याच्या चौकीचा प्रमुख म्हणून साबिरबेकचं नाव जाहीर झालं, तेव्हा खाली गावात त्याच्या बायकोने मेंढी कापायला लावली आणि वर चौकीवर जेनिश म्हणाला, "झालं! आता हा आपल्याला बुलडोझरला हात लावू देत नाही बघा."

जेनिशचा अंदाज बरोबर निघाला. साबिरबेकने एकोणीस हिवाळे बुलडोझर चालवून बर्फ लोटला होता. अख्ख्या खिंडीत त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता आणि ही गोष्ट त्याला स्वतःला सगळ्यांत जास्त पटलेली होती. प्रमुख झाल्यावर त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून लक्ष ठेवायचं, एवढंच काम होतं. पण दुसऱ्याला लिव्हर ओढताना पाहिलं की त्याचे हात शिवशिवायचे. दहा मिनिटांत तो केबिनवर चढायचा आणि म्हणायचा, "सरक." चालक सरकायचा, खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढायचा आणि साल थुंकत आरामात बसायचा.

"माझं काय जातंय?" जेनिश सांगायचा. "घाम बैकेंचा, पगार माझा. असा थोरला भाऊ सगळ्यांना मिळो."

एवढा आपल्या हातावर भरवसा असलेला हा माणूस एका बाबतीत मात्र अगदी गरीब गाय व्हायचा. आज रस्ता चालू ठेवायचा की बंद, हे ठरवायच्या वेळी.

ते ठरायचं सकाळच्या चहाला. चौकी म्हणजे चाकांवरचा एक लांबट पत्र्याचा डबा. आत एक चूल, वायरलेस आणि जमिनीवर अंथरलेल्या लोकरीच्या जाड नमद्यावर बसलेली सात माणसं. दारासमोरची, सगळ्यांत आतली मानाची जागा कालमुर्झाची. त्याचं वय अडुसष्ट. साबिरबेकला बुलडोझर त्यानेच शिकवला होता. निवृत्त होऊनही तो चौकीवर राखणदार म्हणून टिकून होता आणि समोरच्या उतारावरचा बर्फ सुटणार की धरणार, हे तो डोळे बारीक करून सांगायचा. दाराजवळ, थंडी शिरते त्या जागी, किटली घेऊन बसायची असिलकान. ती कालमुर्झाच्या धाकट्या मुलाची बायको. बर्फ मोजायचं दोन महिन्यांचं शिक्षण शहरात जाऊन घेतलेली चौकीतली ती एकटीच. उजाडताच ती उतारावरच्या काठ्यांवर बर्फाची उंची बघायची, वाऱ्याची दिशा बघायची, वहीत लिहायची आणि वही खिळ्याला अडकवून चहा ओतायला बसायची. सासऱ्यासमोर ती तोंड उघडत नसे. सून आहे म्हटल्यावर त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

वहीखाली साबिरबेक सही करायचा. वाचायचा नाही.

"अक्साकाल, काय म्हणता?" तो म्हाताऱ्याला मानाने विचारायचा. कालमुर्झा पांढऱ्या दाढीवरून हात फिरवायचा, खिडकीतून पाहायचा आणि म्हणायचा "जाऊ द्या" किंवा "थांबा". मग साबिरबेक घसा खाकरून तेच हुकूम म्हणून पुन्हा सांगायचा. म्हाताऱ्याचा मान राहायचा, तरुणांच्या डोक्याला ताप नसायचा आणि सगळ्यांत मोठी सोय साबिरबेकची व्हायची. ती कोणती, हे त्याने स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं.

जानेवारीत सलग दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं झालं. कालमुर्झाने बाहेर पाहिलं. "धरेल," तो म्हणाला. "हा उतार जानेवारीत सुटत नाही." साबिरबेकने हुकूम दिला. जेनिश बुलडोझर घेऊन वरच्या वळणावर गेला. अकरा वाजता उतार सुटला.

फावडी, पत्रे, जे हाताला लागेल ते घेऊन सगळ्यांनी चाळीस मिनिटं उकरलं. जेनिश जिवंत निघाला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि पुढचे दात गेले होते. त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवून माणसं डब्यात परत आली. कुणी ओले बूटसुद्धा काढले नव्हते, तोवर वायरलेस खरखरला. शहरातल्या कचेरीतून आवाज आला, "उतार धरेल असं कोण म्हणालं?"

साबिरबेकने बटण दाबलं. "कालमुर्झा अक्साकाल म्हणाले."

शब्द न शब्द खरा होता. डब्यात कुणीही मान वर केली नाही. कालमुर्झाने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, कातडी टोपी डोक्यावर चढवली आणि दार ओढून घेऊन तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो आला आणि आपल्या जागेवर बसला, पण काही विचारलं की म्हणायचा, "तू प्रमुख आहेस, पोरा. तू ठरव."

पुढचे दोन आठवडे साबिरबेकला वाटत होतं की चौकीला शिस्त लागली. सगळ्यांच्या तोंडी एकच, "बैके, तुम्ही सांगाल तसं." वाद नाही, कुरकुर नाही. मग एक दिवस ओढायचा लोखंडी दोर तुटला. तो झिजलाय हे चौघांना ठाऊक होतं. दोन दिवसांनी टाकीतलं डिझेल गोठलं. तेही दोघांना आधीच दिसलं होतं. साबिरबेक ओरडला, "मला सांगितलं का नाही?" सगळे त्याच्याकडे अशा आज्ञाधारक चेहऱ्याने बघत राहिले की त्याला धडकी भरली. खिंडीत पुढचे तीन महिने बर्फ पडणार होता. कुणीतरी पाहिलेलं आणि न सांगितलेलं पुढचं काहीतरी एखाद्याचा जीव घेऊन जाणार, हे त्याला कळून चुकलं.

बायकोने तळून दिलेले कणकेचे बोरसोक पुरचुंडीत बांधून तो जेनिशला भेटायला गेला. जेनिशने एक तोंडात टाकला आणि दात नसल्यामुळे बराच वेळ चोखत बसला.

"चोपन्न सेंटिमीटर," तो अखेर म्हणाला.

"काय चोपन्न?"

"त्या दिवशी वहीत लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, थर सैल आहे. सगळ्यांनी वाचलं होतं. मीसुद्धा."

"आणि तरी वर गेलास? गाढवा, बोलायचंस ना!"

"कुणासमोर बोलू? अक्साकाल 'धरेल' म्हणाले. त्यांच्या शब्दापुढे तुम्ही कधी शब्द काढलात, म्हणजे मी काढू?" जेनिशने पुरचुंडी बाजूला सरकवली. "आणि आता तर विसराच. म्हातारा एवढी वर्षं बोलत होता, त्याला तुम्ही वायरलेसवर नेऊन उभा केलात. आता कोण बोलतोय? माझी मांडी जुळेल, बैके. तुमचं काय करायचं ते तुम्ही बघा."

परतीच्या वाटेवर साबिरबेकला स्वतःची लाज वाटली, आणि ती गाव येईपर्यंत वाटत राहिली.

लाज वाटलेला माणूस घाईत काहीतरी करून बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साबिरबेक सरळ दाराजवळ जाऊन बसला आणि किटली त्याने स्वतःच्या हातात घेतली. म्हटलं, आपणच खाली बसलो तर बाकीच्यांची भीड चेपेल. घडलं भलतंच. प्रमुख दाराशी बसल्यावर त्याच्या वरच्या जागेवर बसायचं कुणी? एक जण बूट शोधायला बाहेर गेला तो आलाच नाही. दोघे चुलीपाशी उभे राहिले. कालमुर्झाला वाटलं, हा आपल्याला जागा सोडायला सुचवतोय. तो भिंतीला टेकून उभाच राहिला. असिलकानला बसायला तर जागाच उरली नव्हती. तिने हातातला रुमाल पाच वेळा घडी केला. चहा गार झाला आणि त्या दिवशी रस्त्याचं काही न ठरताच सगळे कामाला गेले.

तिसऱ्या दिवशी तो आपल्या जागी बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "असिलकान, तू सांग. आज उतार कसा आहे?" असिलकान कानापर्यंत लाल झाली. तिने किटली खाली ठेवली आणि ती लाकडं आणायला बाहेर पळाली. लाकडं चुलीशेजारी रचलेलीच होती.

"तुम्हाला अक्कल आहे का हो?" संध्याकाळी हे ऐकून त्याची बायको बुरुल म्हणाली. ती गावच्या शाळेत शिकवायची आणि घरीही फारसा फरक करायची नाही. "सासऱ्यासमोर, पाच पुरुषांत, सुनेला विचारता? तुमचे वडील होते तोवर त्यांच्यासमोर मी तुमच्याशी तरी मोठ्याने बोलले का?"

"मग करू काय?"

"तिच्या तोंडाला कुलूप तुम्ही घातलंय का? ज्याने घातलंय त्याच्याकडे जा. आणि रिकाम्या तोंडाने जाऊ नका. वायरलेसवर जे बोललात ते आधी निस्तरा."

रविवारी दुपारी साबिरबेक कालमुर्झाच्या घरी गेला. म्हाताऱ्याने त्याला वरच्या जागी बसवलं, रोटी तोडून पुढे ठेवली आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या. कोकरं किती झाली, गवत पुरेल का. साबिरबेकने दोन वाट्या चहा घेतला. तिसरी वाटी त्याने हातातच धरली.

"अक्साकाल, मी तुम्हाला रोज विचारायचो," तो म्हणाला, "ते सल्ल्यासाठी नव्हतं. चुकलं तर नाव तुमचं निघावं म्हणून विचारायचो. आणि निघालं तसं."

कालमुर्झाने दाढी कुरवाळली.

"ठाऊक होतं मला."

"मग सांगत का होता?"

"कुणी विचारतंय तोवर माणसाला वाटतं, आपण अजून कामाचे आहोत." म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. "त्या दिवशी मला नीट दिसलं नव्हतं, पोरा. उतार नुसता पांढरा दिसत होता. दोन वर्षं झाली, पांढराच दिसतो."

साबिरबेकने वाटी खाली ठेवली. असिलकान दाराजवळ किटली घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली.

"सून," कालमुर्झा तिच्याकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून चौकीत वही तू वाचायची. मोठ्याने. तुझं मत काय तेही सांगायचं. मी बसलोय की नाही, ते बघायचं नाही." मग त्याने दोन्ही तळहात वर केले, पुटपुटून आशीर्वाद दिला आणि तोंडावरून हात फिरवले. साबिरबेकनेही फिरवले. "आणि मी काय करू?" म्हाताऱ्याने त्याला विचारलं. "तोंडात चहा धरून बसू?"

"बोलायला दाराजवळच्या माणसापासून सुरुवात करू. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बोला. तुमच्यानंतर फक्त मी."

"अडुसष्ट वर्षांच्या माणसाला शेवटी बोलायला लावतोस. तुझा बाप असता तर त्याने जोड्याने हाणला असता तुला."

असिलकान दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागली. पण कशी? साबिरबेकने "असिलकान" म्हणावं, मग तिने उठावं, किटलीच्या तोंडाकडे बघत आकडे पुटपुटावेत आणि मत विचारलं की म्हणावं, "तुम्ही बघा." महिना असाच गेला. बाकीचे अजूनही "तुम्ही सांगाल तसं" यापुढे सरकले नव्हते. साबिरबेकने एक केलं. तो केबिनवर चढायचा बंद झाला. हात खिशात कोंबून तो खाली उभा राहायचा आणि चालक वेडंवाकडं लोटत असला की बर्फाला लाथा मारायचा.

मार्चच्या मध्यावर मोठं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं.

"एक्काहत्तर," असिलकानने वाचलं. "वारा पश्चिमेचा. खालचा थर ओला."

"तुझं मत?"

तिने वही मिटली. कुणीतरी खोकलं. "बंद ठेवावा," ती म्हणाली. "आजचा दिवस."

बाकीच्यांनी खांदे उडवले. कालमुर्झाची पाळी आली. "मला विचाराल तर धरेल," तो म्हणाला. "पण मला आता दिसत नाही." हे तो सगळ्यांसमोर बोलला.

साबिरबेकने सगळ्यांकडे पाहिलं. "रस्ता बंद. माझा हुकूम."

दुपारपर्यंत चौकीच्या फाटकापाशी ट्रकांची रांग खालच्या पुलापर्यंत गेली. कांदे, संत्री, मेंढ्या, एक लग्नाचं वऱ्हाड. नवरदेवाचा मामा डब्याचं दार बडवून ओरडला, "आभाळ निळं, रस्ता कोरडा, आणि तुम्ही आत चहा ढोसताय! नवरी म्हातारी होईल तिकडे!" साबिरबेकने त्याला चहा दिला. त्याने तो ओतून टाकला. उतार दुपारी सुटला नाही. चारला सुटला नाही. सूर्य डोंगराआड गेला तरी तो जसाच्या तसा उभा होता. असिलकान दर तासाला बाहेर जाऊन बघून यायची आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरायचा.

सहा वाजता वायरलेस बोलला. सगळे डब्यात होते. "तीनशे गाड्या! दिवसभर! कुणाच्या सांगण्यावरून?"

असिलकानचा हात किटलीवरच थांबला. साबिरबेकने बटण दाबलं.

"रस्ता मी बंद केला. माझा हुकूम होता."

"कुणीतरी सांगितलं असेल ना तुला?"

"ठरवलं मी."

पुढची पाच मिनिटं कचेरीने त्याला जे सुनावलं ते सगळ्यांनी ऐकलं. लेखी खुलासा, बदली, बुलडोझरवर परत पाठवण्याची धमकी. साबिरबेक "हो" म्हणत राहिला. वायरलेस बंद झाल्यावर त्याने टोपी घातली आणि कुणाशी न बोलता तो घरी गेला. उद्या असिलकान वही खिळ्यालाच अडकवून ठेवेल, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली होती. एवढ्या बोलण्यानंतर कुणीही तेच केलं असतं.

सकाळी तो डब्यात शिरला तेव्हा सगळे बसले होते आणि किटली अजून चुलीवरच होती. तो नमद्यावर टेकतो न टेकतो तोच असिलकान उठून उभी राहिली. वही तिच्या हातात होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही आणि साबिरबेकने विचारायची वाटही पाहिली नाही.

"वरच्या वळणावर भेग पडलीय," ती म्हणाली. "आजही बंद ठेवायचा."